गाण्याखालचा मार

मी एक सीडी प्लेअर बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतोय, त्याबद्दल रागावू नका. ज्या घरात मी दहा वर्षं काढली, त्या घरानं मला हळू बोलूच दिलं नाही.

आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट गोड नाही. गाण्याचं यंत्र आलं म्हणजे घरात आनंदीआनंद, असं तुम्हाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. माझ्या आवाजाखाली एका बाईला दहा वर्षं मारलं. गाणं लागलेलं असायचं, म्हणून तिचं ओरडणं भिंतीबाहेर जायचं नाही. ते कधीतरी कुणाला ऐकू जाईल का, एवढीच मला आस होती.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. कुठल्या देशात, ते माझ्या पाठीवर लिहिलंय, पण ते वाचायला कुणी मला भिंतीपासून ओढलं नाही, म्हणून मीही विसरलो. हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात लेझरचा बारका डोळा बसवला, वर झाकण ठेवलं आणि सहा स्क्रू आवळले. मग थर्मोकोलच्या दोन तुकड्यांत अडकून जहाजानं मुंबई आणि टेंपोनं पुणं. १९९९ साली दसऱ्याच्या तोंडावर मी तपकीर गल्लीत दयानंदशेठच्या दुकानातल्या फळीवर येऊन बसलो.

दिसायला मी साधाच. काळा, चपटा, एका वेळी एकच सीडी घेणारा. माझ्या डावीकडे तीन सीडी गिळणारा एक भपकेबाज होता, त्याच्या तोंडावर निळे-तांबडे दिवे नाचायचे. उजवीकडे तळहातावर मावणारा एक प्लॅस्टिकचा, अगदी स्वस्त. मी मधला आणि माझी किंमतही मधली. पण उचलून बघा, तिघांत वजन माझंच जास्त. आतला माल अस्सल होता, हे सांगताना मला अजून अभिमान वाटतो.

दसऱ्याला चार दिवस राहिले असताना दुकानात एक जोडपं आलं. तो जनार्दन. मुळशी तालुक्यातल्या भरे गावचा, घरची शेती, शिवाय पिरंगुटच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी. अंगात इस्त्रीचा शर्ट, मनगटात सोनेरी घड्याळ. ती आशालता. लग्नाला वर्षच झालेलं, माहेर कोळवणचं, दहावी पास. डोक्यावरचा पदर सारखा सावरत ती जनार्दनच्या दोन पावलं मागं उभी राहिली.

"अँप्लिफायर हाय आमच्याकडं," जनार्दन म्हणाला. "कंपनीतल्या सायबाची बदली झाली, त्येंचा घेतला. दोन सपीकर हायेत, हे एवढे. आता फकस्त शीडीचा प्लेअर पायजे. पन दनकट बगा. येशीपतुर आवाज गेला पायजे."

दयानंदशेठ हसले. "साहेब, लांबवर आवाज जातो तो अँप्लिफायरचा. प्लेअरनं फक्त सीडीवरचं खरं खरं वाचून पुढे द्यायचं. तुमचा अँप्लिफायर साहेबाचा आहे, तेव्हा हा छोटा लावून त्याचा अपमान करू नका. आणि हा तीन सीडीवाला घेऊन दिव्यांचे पैसे भरू नका. मागे लाल-पांढरी पिन आहे का बघा, ट्रे बाहेर आला की डुगडुगतोय का बघा. चरे पडलेली सीडी वाचतो का बघा. बाकी सगळं कानानं ठरवायचं."

त्यांनी एकच भजनाची सीडी तिघांनाही आलटून पालटून घातली. जनार्दनचे डोळे नाचणाऱ्या दिव्यांवरच होते. तो तीन सीडीवाल्याकडे बोट दाखवणार, एवढ्यात मागून आशालता बोलली.

"त्यो नगं. त्येच्यात पेटीचा सूर जाडा येतोय. ह्या मदल्यात हाय तसा येतोय."

तिचे वडील कोळवणच्या भजनात पेटी वाजवायचे. लहानपणापासून ती पेटीजवळ बसून मोठी झालेली. दयानंदशेठनी गाणं पुन्हा लावून पाहिलं आणि मान डोलावली. "साहेब, वहिनींचा कान तयार आहे हो! निवडायचं काम त्यांच्याकडे द्या, तुम्ही नुसते पैसे द्या."

दुकानातली चार गिऱ्हाइकं हसली. जनार्दनही हसला. मला खोक्यात भरलं तेव्हा मी खूश होतो. दिव्यांना भुलून नाही, किमतीला भुलून नाही, कुणीतरी मला कानानं ऐकून निवडलं होतं. कुठल्याही प्लेअरला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

त्याच दिवशी संध्याकाळी माझा आनंद संपला.

भऱ्यातलं त्यांचं घर स्लॅबचं, दोन खोल्या आणि पुढे हॉल. हॉलच्या शोकेसमध्ये साहेबाचा अँप्लिफायर आणि दोन्ही अंगाला कमरेइतके उंच लाकडी स्पीकर. जनार्दननं मला अँप्लिफायरवर ठेवलं आणि माझ्या लाल-पांढऱ्या पिना मागच्या बाजूला पहिली दिसली त्या भोकांत खुपसल्या. आता झालं असं, की ती भोकं जुन्या काळ्या तबकड्यांच्या प्लेअरसाठी होती. त्या प्लेअरचा आवाज नाजूक असतो, म्हणून त्या वाटेनं येणाऱ्याला अँप्लिफायर आधी चांगला फुगवून घेतो. मी कसला नाजूक! मी तिथून शिरलो आणि दोन्ही स्पीकरांतून पत्रा फाडल्यासारखा आवाज निघाला.

जनार्दननं आवाज कमी केला. पत्रा हळू फाटायला लागला. त्यानं मला बंद केलं आणि वळला.

"ह्यो निवडलास व्हय तू? चार मानसांत माजी अक्कल काडून ह्यो निवडलास?"

पहिली थप्पड बसली तेव्हा मला कळलंच नाही काय झालं. मला वाटलं काहीतरी पडलं. मग त्यानं तिचे केस धरले आणि डोकं शोकेसच्या कडेवर आपटलं, तेव्हा माझा ट्रे आतल्या आत हलला. ती ओरडली. सासू धोंडाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिनं आधी काय केलं असेल, तर पुढची खिडकी लावून घेतली.

मार थांबल्यावर आशालता तिथंच बसून राहिली. ओठातून रक्त येत होतं. जरा वेळानं ती उठली, शोकेसच्या मागं वाकली, अँप्लिफायरच्या पाठीवरची धूळ पदरानं पुसली आणि बारीक अक्षरं वाचली. पिना काढून तिनं शेजारच्या भोकांत घातल्या. मग मला लावलं. पेटीचा सूर स्वच्छ, हाय तसा, सगळ्या घरात पसरला.

वेडी! तिला वाटलं असेल, यंत्र चांगलं आहे हे कळलं की त्याचा राग जाईल. उलट झालं. त्यानं पुन्हा मारलं, आणि या वेळी जास्त मारलं, कारण ती बरोबर निघाली होती. फरक एवढाच की या वेळी मी चालू होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारचा कुशाबा कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "काकू, काल सांजच्याला काय आरडावरड व्हती का वो? नंतर गानी लागली, मग काय ऐकू आलं न्हाई."

"काय न्हाई रं, नवं यंत्र आनलंय," धोंडाबाई म्हणाली.

कुशाबा गेला आणि म्हातारीच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या वेळी जनार्दननं हात उगारला तेव्हा ती म्हणाली, "थांब. आदी ते लाव." त्या दिवसापासून त्या घराची ती रीतच झाली.

तुम्ही म्हणाल, गावातलं जुनं घराणं, इज्जतीला जपणारी माणसं, असं कसं करतील? अहो, इज्जतीला जपणारी होती म्हणूनच तर केलं. मारण्याची लाज नव्हती, ऐकू जाण्याची होती. आणि सगळ्यात वाईट भाग पुढेच आहे. वर्षभरात आशालता स्वतःच मला लावायला लागली. जनार्दन पहिली पाळी करून साडेचारच्या सुमाराला घरी यायचा. गाडी बंद करण्याच्या पद्धतीवरून तिला कळायचं, आज मार आहे. ती हातातलं काम टाकायची, सीडी घालायची, बटण दाबायची, आवाज वाढवायची आणि मग जाऊन उभी राहायची. माहेरी कळू नये, शेजारी कळू नये, उद्या पाण्याला गेल्यावर कुणी विचारू नये, म्हणून.

कधी भाजी खारट, कधी कारखान्यातला साहेब बोलला म्हणून, कधी तर काहीच नाही. पट्ट्याचा आवाज वेगळा, चपलेचा वेगळा, लाथेचा तर नीट येतच नाही, नुसता श्वास अडकल्याचा येतो. हे सगळे आवाज मी ओळखायला शिकलो. मी गाणी गायला जन्मलो होतो आणि हे शिकलो. मला हातपाय नाहीत, याचा मला इतका संताप कधी आला नव्हता.

दसऱ्याला त्या घरात अवजारांची पूजा व्हायची. कोयता, विळा, नांगराचा फाळ, मोटरसायकल आणि शेवटी मी. आशालता मला कुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची आणि हात जोडायची. अवजारांच्या रांगेत मला का बसवलंय, हे आम्हा दोघांना चांगलं ठाऊक होतं.

२००० साली तिला मुलगी झाली. नाव तिनं ठेवलं, स्वरदा. चार-सहा महिने बरे गेले. मग पुन्हा सुरू झालं.

२००४ च्या उन्हाळ्यात एका दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं मला लावलं, अगदी हळू, आणि भाकरी थापता थापता ती गाण्याबरोबर गायला लागली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं मला गाण्यासाठी लावलं होतं. आवाज काय होता तिचा! मी पुढचं गाणं जरा जास्तच मन लावून वाचलं. जनार्दन त्या दिवशी लवकर आला. दारात उभा राहून ऐकत होता, ते आम्हाला कळलं नाही.

"कुनाला ऐकवतीस?" त्यानं विचारलं.

"कुनाला न्हाई. आपलं असंच."

त्यानं माझा आवाज वाढवला आणि उघड्या पंजानं तिच्या डाव्या कानावर मारलं. एकदाच. ती चुलीपाशी आडवी झाली आणि बराच वेळ उठली नाही.

संध्याकाळी तो बाहेर गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधे, नेहमीच्या जागी. सीडी सुरू केली. मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "डावा सपीकर बंद पडलाय व्हय?" ती मला म्हणाली. उठून तिनं वायर हलवली. स्पीकरच्या जाळीच्या कापडावर हात ठेवला, तर आत थरथर होती. डावा कान लावला. मग उजवा लावला. मग पुन्हा डावा.

स्पीकर चालू होता.

ती रडली नाही. जाळीला डावा कान लावून ती बसून राहिली, गाणं संपलं तरी तशीच. ज्या कानांनी तिनं मला तिघांतून निवडलं, त्यातला एक त्यानं फोडला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, माझ्या आत काहीतरी जळावं, फ्यूज उडावा आणि मी कायमचं मुकं व्हावं. पण माल अस्सल होता ना! मी बिघडलो नाही.

मधल्या काळात मदत आली ती वीज मंडळाकडून. हसू नका. २००५ नंतर लोडशेडिंग वाढलं आणि रोज चार-पाच तास वीज जायला लागली. वीज गेली की मी बंद, आणि मी बंद असलो की जनार्दन मारत नसे. एकदा तर त्याचा हात वर असताना वीज गेली. त्यानं हात खाली घेतला, तांब्याभर पाणी प्याला आणि खुर्चीत बसून राहिला. आशालता भिंतीला टेकून उभी. दोघंही माझ्या विझलेल्या आकड्यांकडे बघत होती. पाऊण तासानं वीज आली. तो उठला, त्यानं स्वतःच्या हातानं बटण दाबलं आणि अर्धं राहिलेलं पुरं केलं.

वर्तमानपत्रात आलेलं लोडशेडिंगचं वेळापत्रक तिनं स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं होतं. सगळ्यांना वाटायचं, बाई मोटर चालू करायची वेळ बघते.

२००६ साली घरामागे भाड्यासाठी खोल्या बांधल्या. हिंजवडीत कंपन्या उघडल्या होत्या, लांबून आलेली पोरंपोरी स्वस्त खोली शोधत घोटावडे-भऱ्यापर्यंत यायची. एका खोलीत शुभांगी राहायला आली. लातूरकडची, एकटी, एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी. तिची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, त्यामुळे आठवड्यातले दोन-तीन दिवस ती साडेचारला खोलीवर असायची.

सीडीवर एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत मधे दोन सेकंद काहीच नसतं. मी कितीही ओरडलो तरी ते दोन सेकंद माझ्या हातात नाहीत. त्या दोन सेकंदांत घरातलं खरं बाहेर जायचं. बहुतेक लोक पुढच्या गाण्याची वाट बघतात. शुभांगीनं ते ऐकलं. मला ते कसं कळलं, तर दुसऱ्या दिवशी ती साखर मागायला आली आणि आशालताच्या मनगटाकडे बघत राहिली.

"ताई, पडलात का?"

"व्हय. मोरीत निसरडं हाय," आशालता म्हणाली.

शुभांगी साखर घेऊन गेली. त्यानंतर ती कधी साखर मागायची, कधी मेथी आणून द्यायची, स्वरदाचा अभ्यास घ्यायची. पण विचारलं तिनं पुन्हा नाही. भाडेकरू होती, घर सोडायला सांगतील ही भीती तिलाही होतीच. असं करत तीन वर्षं गेली. २००९ च्या फेब्रुवारीत मात्र तिनं धीर करून आशालताला पिरंगुटला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. "कान वाहतोय, एवढंच सांगायचं घरी," असं तिनं शिकवलं. डॉक्टरनी कागदावर लिहिलं, मार लागून कानाचा पडदा फाटला आहे.

तो कागद आशालतानं धान्याच्या डब्यात लपवला. आठ दिवसांनी धोंडाबाईला तो सापडला.

त्या दिवशी जनार्दन पाळीवरून आला तेव्हा कागद खुर्चीवर ठेवलेला होता. त्यानं वाचला. वीज होती. शोकेससमोर स्वरदा उभी होती, आठ वर्षांची, शाळेच्या गणवेशात. त्याच्या तोंडाकडे एकदा बघून तिनं सीडी आत सरकवली आणि बटण दाबलं. कुणी तिला सांगितलं नाही. हे काम आता तिचं होतं.

"गावभर दाकवत हिंडतीस व्हय? डाक्तरला सांगतीस?" जनार्दननं पट्टा काढला.

गाणं सुरू होतं. पट्टा बसला, आशालता ओरडली. आणि त्याच क्षणी माझ्याखालच्या अँप्लिफायरच्या आवाजाच्या बटणावर एक लहान हात आला आणि त्यानं आवाज थोडा वाढवला. पुन्हा पट्टा, पुन्हा ओरडणं, पुन्हा बटण थोडं पुढे. पोर रडत नव्हती. आईच्या ओरडण्याला पुरेल एवढा आवाज, ना कमी ना जास्त, ती मन लावून जुळवत होती. गणिताला बसावी तशी.

जमिनीवर पडलेल्या आशालतानं ते पाहिलं. दहा वर्षांत मी तिच्या तोंडावर खूप काही पाहिलं होतं. असं कधीच नाही. ती गुडघ्यांवर रांगत भिंतीपाशी आली, पाठीवर पट्टा बसत असताना आली, आणि तिनं दोन्ही हातांनी वायर धरून माझा प्लग ओढून काढला.

सगळं गप्प झालं. मागच्या खोल्यांपाशी कुणाची तरी बादली खडखडली, तीसुद्धा ऐकू आली.

"लाव गं ते! लाव! लोकं ऐकत्यात!" धोंडाबाई कुजबुजली.

"ऐकू द्या," आशालता म्हणाली. मग ती मोठ्यानं म्हणाली, इतक्या मोठ्यानं की मलाही तेवढं जमलं नसतं. "ऐकू द्या! मारतोय मला! धा वर्सं मारतोय! या सगळी, बगा!"

वीज नसली की तो थांबायचा, तेवढ्या भरवशावर तिनं प्लग काढला होता. या वेळी तो थांबला नाही. त्यानं पट्टा फेकला, मला दोन्ही हातांनी उचललं, मागच्या पिना तुटून लोंबायला लागल्या, आणि त्यानं मला तिच्या डोक्यावर फेकून मारलं.

मघाशी मी माझ्या वजनाचा अभिमान सांगितला ना? ते सगळं वजन घेऊन मी तिच्या कपाळावर पडलो. उजव्या भुवईच्या वर. हाड वाजलेलं मी ऐकलं. तिचं रक्त माझ्या ट्रेच्या फटीतून आत आलं आणि सीडीवर सांडलं. स्वरदा किंचाळली. त्या घरात मोठ्यानं ओरडायची तिची ती पहिलीच वेळ.

दार वाजलं. "दार उघडा!" बाहेरून शुभांगी ओरडत होती, तिच्याबरोबर दोन भाडेकरू होते. "उघडा, नाहीतर तोडतो!"

"घरातली बाब हाय! आपापल्या खोलीत जावा!" जनार्दन म्हणाला.

दाराची कडी ढिलीच होती, तीन धक्क्यांत निघाली. जनार्दननं शुभांगीला ढकललं, ती स्पीकरवर आदळली. दोघा भाडेकरूंनी त्याला धरून ठेवलं. शुभांगीनं आपली ओढणी आशालताच्या कपाळाला दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा पोलीस ठाण्याला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पंचनाम्याला आले. मी होतो तिथंच, फरशीवर उलटा. हवालदारांनी शेजाऱ्यांना बोलावलं. कुशाबा आला, आणखी दोघं आले.

"मारहाणीचा आवाज यायचा का?"

"आवाज?" कुशाबानं डोकं खाजवलं. "न्हाई सायेब. गानी लागायची. लई गानी लागायची. हौशी मानूस."

बाकीच्यांनीही तेच सांगितलं. कुणी खोटं बोलत नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. दहा वर्षं मी इतकं चोख काम केलं होतं की सगळा गाव खरं बोलूनही जनार्दन सुटेल अशी वेळ आली होती.

"मी ऐकलंय," शुभांगी म्हणाली. "दोन गाण्यांच्या मधे ऐकू येतं. तीन वर्षं ऐकलंय आणि तीन वर्षं गप्प बसलेय. हे पण लिहा."

हवालदारांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. मग मला कापडात गुंडाळलं, दोरी बांधली, लाखेचा ठिपका लावला. माझं नाव पडलं मुद्देमाल. ठाण्यातल्या खोलीत एक गंजका कोयता आणि नंबर नसलेली मोटरसायकल यांच्या शेजारी मी वर्षभर पडून होतो.

२०१० साली खटला उभा राहिला. मला कोर्टात नेऊन टेबलावर ठेवलं, कापड सोडलं. आशालता समोरच्या कठड्यात होती. कपाळावर आडवा व्रण, वकिलाचं नीट ऐकू यावं म्हणून मान डावीकडे वळवलेली, उजवा कान पुढे. ती आता बावधनला एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम करते, मुलीसह तिथंच राहते, हे मला तिच्या साक्षीतूनच कळलं.

जनार्दनच्या वकिलानं माझ्याकडे हात केला. "बाई, ही गाणी तुम्ही स्वतः लावायचात, खरं ना?"

"व्हय."

"मार खाणारी बाई गाणी लावते? का लावायचात?"

"लाज वाटायची."

"कसली लाज? कुणाची?"

तिनं पलीकडे बसलेल्या जनार्दनकडे पाहिलं, अगदी सरळ.

"तवा वाटायचं, माजी. माजी नव्हतीच ती सायेब. ती ह्येची लाज. मी उगा धा वर्सं सांबाळली."

जनार्दननं मान खाली घातली. मी त्याला दहा वर्षं ओळखतो, त्याची मान खाली गेलेली मी पहिल्यांदा बघत होतो.

निकाल अजून लागायचाय. त्या दिवशी कारकुनानं मला पुन्हा बांधता बांधता तिला विचारलं, "बाई, निकालानंतर ही वस्तू परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो. करणार का?"

"नगं," ती म्हणाली. "मोडून टाका."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण तिचं बरोबर आहे. बाहेर बाकावर शुभांगी शेजारी बसलेल्या एका बाईला सांगत होती, ते दारातून ऐकू आलं. वसतिगृहात कुणाचा आवाज चढला, नुसतं दोन मुली हसत जरी मोठ्यानं बोलल्या, तरी स्वरदा उठून उभी राहते आणि तिचा हात भिंतीवर काहीतरी चाचपायला लागतो. विचारलं तर म्हणते, काही नाही. ते बटण माझ्या आवाजाचं होतं. मग मी मोडलोच पाहिजे.

तर माझं एवढंच ऐका. तुमच्या शेजारी रोज ठरल्या वेळी गाणी जोरात लागत असतील, तर 'हौशी माणूस आहे' म्हणून खिडकी लावून घेऊ नका. उठा आणि त्यांचं दार वाजवा. वाटीभर साखर मागा, पत्ता चुकला म्हणा, आवाज कमी करा म्हणून भांडा. तुमचा गैरसमज निघाला तर निघू दे, चार शिव्या खा आणि परत या. पण दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.